वीस कॅसेटी आणि एक सीडी

परवा लातूरला आत्याबाईंकडे गेलो आणि माझीच एक जुनी चूक माझ्या कानावर आली.

१९८८ च्या आसपास आमच्या नांदेडच्या घरी दर एकादशीला भजन असायचं. आजोबा म्हणायचे, काका टेपरेकॉर्डर लावायचे. अशा वीस कॅसेटी साठल्या. २००३ मध्ये एक कॅफेवाला म्हणाला, वीसच्या वीस एका सीडीत बसवून देतो. मी खूश! कॅसेटी भंगारात दिल्या. एकच वाचली, कारण ती आत्याबाईंनी त्याआधीच लातूरला नेली होती.

वीस तास एका सीडीत मावले कसे, हा प्रश्न तेव्हा पडलाच नाही. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या ऑडिओ सीडीत सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने असतात, तेही डावे-उजवे वेगळे. त्यामुळे तीत जेमतेम ८० मिनिटं बसतात. एमपीथ्रीची युक्ती निराळी. जर्मनीत फ्राउनहोफर संस्थेत तिच्यावर बरीच वर्षं काम झालं, .एमपीथ्री हे शेपूट १९९५ मध्ये लागलं. मोठ्या आवाजाशेजारचा बारीक आवाज कानाला कळत नाही, मग तो ठेवायचा कशाला, असा हिशेब. १२८ केबीपीएसला सीडीच्या अकराव्या हिश्श्यात काम भागतं. आमच्याकडे लावलं होतं ६४!

काटकसर पूर्वीही होती म्हणा. ग्रामोफोनच्या काळात बालगंधर्वांना पद तीन-साडेतीन मिनिटांत आटपावं लागे. पण काय गाळायचं ते तिथे गाणारा ठरवी.

तर आत्याबाईंची कॅसेट. टेपचा पट्टा बदलला, कॅसेट लॅपटॉपवर फ्लॅकमध्ये उतरवली. २००१ मध्ये आलेला हा फॉरमॅट फाईल लहान करतो, पण टाकत काहीच नाही. त्याच फाईलच्या १२८ आणि ३२० च्या एमपीथ्री केल्या, सोबत सीडीतली जुनी ६४ ची घेतली आणि लेकीला म्हटलं, नावं न सांगता लाव.

खरं सांगतो, ३२० कुठली आणि फ्लॅक कुठली, मला ओळखता आलं नाही. १२८ मध्ये टाळांची धार जराशी बोथट, बस. ६४ मात्र लगेच ओळखली. टाळ पाण्यात बुडवून वाजवल्यासारखे, चिपळ्यांचा ठोका फुटलेला. एमपीथ्री आवाजाचे साधारण २६ मिलिसेकंदांचे तुकडे पाडतं, आणि जागा अपुरी पडली की ठोक्यातली चूक ठोक्याच्या आधीच पसरते. आपल्या चिपळ्यांची स्पॅनिश बहीण म्हणजे कॅस्टानेट. या दोषाची परीक्षा घ्यायला तीच वापरतात.

फ्लॅक चालू असताना आत्याबाई एकदम म्हणाल्या, "थांब रे, मागं घे. ही आई हाय."

माजघराच्या दारात बसून आजी आजोबांच्या मागून बारीक आवाजात म्हणत होती. टेपच्या खरखरीतूनही कळत होतं. ६४ ची फाईल पुन्हा पुन्हा लावली. तिथे टाळ आहेत, आजोबा आहेत, आजी नाही.

बाकीच्या एकोणीस कॅसेटींत ती कुठे कुठे होती, कोण जाणे.

लोहा, अहमदपूरकडच्या मंडळींपैकी कुणी तेव्हा कॉपी करून नेली असेल तर पेट्या-ट्रंका एकदा बघा. बुरशी आली असली तरी फेकू नका, मी येऊन घेऊन जाईन.