रकान्यात न बसलेली पावलं

मध्यंतरी बरेच दिवस लिहिणं झालं नाही. कारण विचाराल तर चालणं! डॉक्टरांनी साखरेसाठी रोज चालायला सांगितलं, आणि ते कळताच पुण्याच्या नातवानं पावलं मोजणारं घड्याळ पाठवून दिलं. "आजोबा, रोज दहा हजार झाली पाहिजेत," असा फोनवरून दमही दिला.

पहिले आठ दिवस मी त्या घड्याळाचा आज्ञाधारक विद्यार्थी होतो. मग एकादशी आली. रात्री देवळात भजनाला बसलो, दोन तास टाळ वाजवले. घरी येऊन बघतो तर दिवसाची पावलं एकदम तीन हजारांनी वाढलेली. मांडी घालून बसलेल्या माणसानं तीन हजार पावलं टाकली! दुसऱ्या दिवशी मुकुंदराजांच्या समाधीच्या वाटेनं चांगला पाऊण तास चालून आलो, तर घड्याळाच्या हिशेबी मी जेमतेम घराबाहेर पडलो होतो.

चाळीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या आहेत, तेव्हा म्हटलं हिचीही वही तपासू. सौ.ची जपमाळ घेतली आणि दर शंभर पावलांना एक मणी ओढत चाललो. बेचाळीस मणी झाले, म्हणजे ४२०० पावलं. हात मोकळे सोडून चाललो तेव्हा घड्याळानं ४१००च्या आसपास दाखवली. तीच वाट हात पाठीमागे बांधून चाललो (आम्हा म्हाताऱ्यांची ती सवयच), तर २७००. चूक सापडली. घड्याळ पाय मोजतच नाही, ते मनगट मोजतं. आत एक बारीकसा तुकडा असतो. हात कोणत्या दिशेला, किती झटक्यानं हलला ते त्याला कळतं. चालण्यासारखी लय जाणवली की ते पाऊल धरतं. टाळ वाजवणाऱ्या हाताला लय असते, पाठीमागे बांधलेल्या हाताला नसते. बिचाऱ्याचा काय दोष?

आता हे दहा हजार कुठून आले? मला वाटलं होतं, कुणा मोठ्या वैद्यकीय संशोधनातून आले असतील. तसं नाही. १९६४ साली टोकियोला ऑलिंपिक झालं आणि जपानमध्ये व्यायामाची हवा निर्माण झाली. पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, तिथल्या एका कंपनीनं कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र विक्रीला काढलं. त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. आकडा गोल होता, लक्षात राहणारा होता. तो जगभर गेला आणि साठ वर्षांनी माझ्या नातवाच्या तोंडून माझ्यापर्यंत आला.

पण जपमाळेनं पावलं मोजण्याची युक्ती माझी नव्हे बरं का. ती दीडशे वर्षांहून जुनी आहे, आणि गंमत म्हणजे एका शाळामास्तराची आहे. कुमाऊंमधल्या मिलम गावचे नैनसिंह रावत शाळेत शिकवत, म्हणून त्यांना 'पंडित' म्हणत. तिबेटात तेव्हा गोऱ्या माणसाला प्रवेश नव्हता. म्हणून १८६३ साली सर्वेक्षण खात्यानं त्यांना निवडलं. डेहराडूनला कॅप्टन माँटगोमेरीनं त्यांना एका गोष्टीचा सराव करून घेतला. चढ असो, उतार असो, पाऊल एकाच लांबीचं पडलं पाहिजे. दोन हजार पावलांचा एक मैल. हातात जपमाळ, पण १०८ मण्यांची नव्हे, १०० मण्यांची. दर शंभर पावलांना एक मणी ओढायचा. माळ एकदा फिरली की दहा हजार पावलं! टिपणं ठेवायची तिबेटी प्रार्थनाचक्रात. असे चालत ते जानेवारी १८६६ मध्ये ल्हासाला पोचले.

त्यांची मोजणी विश्वासाची का ठरली? ते कधी चुकतच नव्हते म्हणून नव्हे. पावलांचा हिशेब चुकू शकतो हे त्यांना आणि खात्यालाही ठाऊक होतं. म्हणून ते ताऱ्यांची उंची मोजून अक्षांश काढत, पाणी किती तापमानाला उकळतं ते पाहून जागेची उंची काढत, आणि पावलांचा आकडा त्याच्याशी ताडून बघितला जाई. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं त्यांना सुवर्णपदक दिलं.

आता कॅलरीचं. तिथं तर पावलांपेक्षा मोठा गोंधळ आहे. शरीरानं किती ऊर्जा खर्च केली हे नीट मोजायचं तर तोंडाला मुखवटा लावून श्वासातला प्राणवायू आणि कार्बन डायऑक्साइड मोजावा लागतो. घड्याळ ते करत नाही. वय, वजन, उंची, स्त्री की पुरुष, नाडीचे ठोके एवढ्यावरून ते अंदाज बांधतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठानं २०१७ मध्ये ६० माणसांवर अशी सात उपकरणं तपासली. नाडी सातांपैकी सहांनी बरी मोजली, चूक पाच टक्क्यांच्या आत. कॅलरी मात्र एकालाही जमली नाही. त्यातल्या त्यात चांगल्या उपकरणाची चूक सरासरी २७ टक्के, सर्वांत वाईटाची ९३ टक्के!

माझं नुकसान काही नाही. फार तर एखादी भाकरी जास्त खाईन आणि सौ.ची बोलणी ऐकीन. पण माणसाला किती लागतं याचा आकडा दुसऱ्यानं ठरवला आणि तो चुकला, की काय होतं, ते आपल्या दख्खननं पाहिलंय.

नैनसिंहांना पदक मिळालं त्याच १८७७ साली इकडे मोठा दुष्काळ चालू होता. सरकारनं सर रिचर्ड टेंपल यांना पाहणीला पाठवलं. खर्च कमी करायचा म्हणून त्यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुषाची मजुरी ठरवली ती दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा. आजच्या हिशेबानं पौंडभर धान्य म्हणजे साधारण १६०० कॅलरी. मी काही न करता घरात बसलो तरी माझं घड्याळ त्याच्या आसपास आकडा दाखवतं. तिथं माणसं दिवसभर दगडमाती उपसत होती. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी हरकत घेतली की एवढ्यात राबणारा माणूस तगणार नाही. मुंबई इलाख्यात कमी मजुरी लागू झाली तेव्हा हजारो लोक कामं सोडून गेले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू मांडली. मद्रासला त्याच वर्षी दर वाढवावा लागला. तोवर किती जीव गेले असतील!

आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाकडे. पण १९७२चा दुष्काळ आमच्या पिढीनं डोळ्यांनी पाहिला. मिलो ज्वारी आणि सुकडी ज्यांनी खाल्ली त्यांना सांगायला नको. शाळेत नोकरी लागायच्या आधी काही महिने मी एका रस्त्याच्या कामावर हजेरी लिहायला होतो. मजुरी खडीच्या ढिगाच्या मापावर. लांबी, रुंदी, उंची घ्यायची. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. लहान पोर घेऊन येणारी एक बाई होती. दोन-अडीच कोस चालत यायची, तेवढंच चालत परत जायची. तिचा ढीग रोज कमी भरायचा. मी माप चोख घ्यायचो आणि तिची मजुरी कमी लिहायचो. एकदा ती म्हणाली, "दादा, चालून आले त्ये कुठं लिवता का?"

मी म्हणालो, "बाई, त्याला रकाना नाही."

माझं उत्तर खरं होतं. माझं माप बरोबर होतं. तरी पन्नास वर्षांनी, चार किलोमीटर चालून आल्यावर घड्याळानं माझी पावलं खाल्ली आणि मी चिडलो, तेव्हा मला ती बाई आठवली. नैनसिंहांनी आपला आकडा आकाशाशी ताडून पाहिला. मी माझा आकडा तिच्या सुजलेल्या पायांशी कधी ताडून पाहिला नाही. ते करायला रकाना लागत नव्हता.

आजही आमच्याकडची माणसं दिवाळीच्या सुमारास उसाच्या तोडीला जातात. त्यांची मजुरी टनावर. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बाईचा हात मोळीला धरलेला असतो. तिच्या मनगटाला हे घड्याळ बांधलं तर किती पावलं दाखवील, असं मनात येतं.

असो. घड्याळ मी काढून ठेवलेलं नाही, नातवाला वाईट वाटेल. कालच्यापेक्षा आज जास्त चाललो की कमी, एवढं ते बरं सांगतं. फक्त आठवड्यातून एकदा जपमाळ बरोबर नेतो. तुमच्यापैकी कुणाकडे असं घड्याळ असेल तर एकदा हात मागे बांधून चालून बघा, आणि मला कळवा.