कासचे पठार : मातीच्या थरावर ठरणारी फुले

सातारा शहराच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून जवळपास १,२०० मीटर उंचीवर कासचे पठार आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरील अशा सपाट, खडकाळ जागेला 'सडा' म्हणतात. येथे पाऊस भरपूर पडतो, तरीही सड्यावर दाट जंगल नाही. याचे कारण खडकात दडलेले आहे.

बेसाल्ट खडकाची दीर्घकाळ झीज होऊन माथ्यावर जांभ्याचे कठीण कवच तयार झाले. त्यावरील मातीचा थर बहुतेक ठिकाणी काही सेंटिमीटरच असल्याने मोठ्या वृक्षांची मुळे तेथे रुजत नाहीत. पावसाळ्यात पाणी साचते, तर उन्हाळ्यात तोच कातळ तापून कोरडा पडतो. वाऱ्यालाही अडसर नसतो. त्यामुळे येथील अनेक वनस्पती रुजणे, फुलणे व बी धरणे हे सारे पावसाळ्याच्या चार महिन्यांत उरकतात. चवरासारख्या वनस्पती उरलेला काळ जमिनीखाली कंदरूपाने काढतात.

मुसळधार पावसात मातीतील पोषकद्रव्ये वाहून जातात. नत्राची ही उणीव काही वनस्पती कीटकांपासून भरून काढतात. दवबिंदू पानांवरील चिकट केसांनी कीटक पकडते, तर सीतेची आसवे ही वनस्पती सूक्ष्म पिशव्यांत जलजीव अडकवते.

मातीची खोली बदलली की वनस्पतीही बदलतात. पाणथळ, उथळ मातीत सीतेची आसवे व गेंद, साचलेल्या डबक्यांत वायतुरा, किंचित जाड थरावर तेरडा, तर त्याहून खोल मातीत दर सात वर्षांनी फुलणारी टोपली कारवी आढळते. कडेच्या घळींत माती साठते, तेथे मात्र जांभूळ, अंजन असे वृक्ष वाढतात.

जुलै २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारसा घोषित केले. त्यांत कासचा समावेश आहे. त्यानंतर पर्यटकांची गर्दी वाढली. फूल तोडल्याने एका रोपाचे नुकसान होते. पण पायाखाली माती दबली वा वाहून गेली, तर पुढील वर्षीचे बीही तिच्याबरोबर जाते. कातळावर नवी माती साठण्यास फार मोठा काळ लागतो. म्हणूनच पठारावर आखलेली पायवाट न सोडणे, हेच तेथील फुलांचे खरे संरक्षण आहे.