कमरेच्या आकडीतला कोयता

पेण आणि रोहे तालुक्यांतला माणूस रानात किंवा परगावी निघताना जे हत्यार बरोबर घेत आला, ते खिशात मावणारे नव्हते. ते कमरेला, पाठीच्या बाजूला टांगलेले असे. कोयता आणि तो अडकवायची आकडी, एवढाच हा सरंजाम. आगरी, कुणबी, ठाकर, कातकरी अशा सगळ्यांच्या कमरेला तो असे. डोंगराकडच्या वाड्यांवर आजही दिसतो.

आकडी कुठे लाकडाची, कुठे लोखंडाची किंवा पितळेची. ती दोरीने कमरेला बांधायची आणि तिच्यात कोयता वरून सरकवायचा. पाते खाली लोंबते, मूठ हाताशी राहते. कोयता पाठीमागे का, याचे उत्तर झाडावर चढताना मिळते. दोन्ही हात मोकळे लागतात, पोट आणि मांड्या खोडाला घासत असतात. पुढे किंवा बाजूला लावलेले पाते चढणाऱ्यालाच कापेल. पात्याचे टोक आत वळलेले असते, तेही कारणाशिवाय नाही. त्या वाकाने फांदी जवळ ओढता येते, आणि करवंदीच्या जाळीत हात न घालता तोडलेला काटा बाहेर खेचता येतो.

गुण कळतो तो धारेत. लोहाराने तापलेल्या पात्याला पाणी जास्त दिले तर धार ठिसूळ होऊन तिला दात पडतात, कमी दिले तर ती वळते. घेणारा पाते बोटाने वाजवून पाहतो, धार अंगठ्याच्या नखावर टेकवतो, मग मूठ धरून हात दोनदा हलवतो. वजन टोकाकडे थोडे जास्त हवे, म्हणजे घाव आपोआप बसतो. झिजलेला कोयता टाकून देत नसत. लोहाराकडून तो पुन्हा शेवटून, म्हणजे नवी धार घडवून, आणत, आणि बलुत्याच्या रिवाजात त्याचे मोल सुगीला भाताने चुकते होई. लोखंडाची वाट मात्र बदलत गेली. महाबळेश्वरच्या परिसरात धावड लोक कोळशाच्या भट्ट्यांत लोखंड गाळत. एकोणिसाव्या शतकात जंगलावर निर्बंध आले, विलायती लोखंड स्वस्त पडू लागले आणि त्या भट्ट्या थंडावल्या. पुढे मालमोटारी आल्यावर त्यांच्या कमानीचे जुने पाटे लोहाराच्या ऐरणीवर येऊ लागले. पाट्याच्या कोयत्याला आजही चांगली मागणी असते.

कोयत्याचे खरे काम राबाचे. भाताचे रोप टाकण्याआधी वाफ्यावर झाडांचे टहाळ, शेण, गवत आणि वर मातीचा थर देऊन ते भाजतात; हाच राब. हे टहाळ म्हणजे कवळ. ऐनासारख्या झाडांवर चढून ते तोडावे लागे. डोंगरउतारावरची वरकस जमीन या कवळासाठी शेताइतकीच मोलाची होती. 1878 च्या वनकायद्यानंतर सरकारी जंगलाच्या सीमा आवळल्या, तेव्हा घाव थेट भातशेतीवर बसला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून इतकी ओरड झाली की मुंबई सरकारने 1885 मध्ये वन आयोग नेमला. दोन वर्षांनी आलेल्या त्याच्या अहवालात राबाचा प्रश्न मोठी जागा व्यापून आहे. कातकऱ्यांची तर दुहेरी कोंडी झाली. खैराचा कात काढण्याच्या ज्या धंद्यावरून त्यांचे नाव पडले, तोच हातचा गेला. मग मुंबईच्या चुलींसाठी कोळसा पाडण्याचे काम उरले, आणि तिथेही हातात कोयता-कुऱ्हाडच होती.

म्हणूनच 1930 च्या जंगल सत्याग्रहात कोयता हाती असणे स्वाभाविक होते. पेणच्या शेजारी, आजच्या उरण तालुक्यातल्या चिरनेरला 25 सप्टेंबर 1930 रोजी लोक अक्कादेवीच्या माळावर जंगल तोडायला जमले. पोलिसांनी गोळीबार केला. नाग्या महादू कातकरी यांच्यासह आठ जण हुतात्मा झाले. रोजच्या कामाचे हत्यार घेऊन रोजचेच काम करायला निघालेली माणसे होती ती. गुन्हा कायद्याने ठरवला होता.

वाटेवर कोयत्याच्या जोडीला दोन लहान वस्तू असत. एक चंची, तिच्यात पान-सुपारी, चुन्याची डबी आणि अडकित्ता. दुसरी चकमक: गारगोटी, पोलादाचा तुकडा आणि ठिणगी झेलायला सावरीचा कापूस. आगपेटीने चकमक संपवली. 1923 साली स्थापन झालेल्या विमको या आगपेटी कंपनीने अंबरनाथला कारखाना काढला आणि काडी गावोगावच्या दुकानात पोहोचली. अडकित्ता मात्र टिकला.

घडीचा चाकू या भागात उशिरा रुळला. स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सनर याने 1897 मध्ये नोंदवलेला, एका मुठीत अनेक पाती दुमडणारा चाकू आज अवचितगड किंवा सुरगड चढणाऱ्यांच्या पाठपिशवीत असतो. फळ कापायला, दोरी तोडायला, डबा उघडायला तो पुरतो. थंडीतल्या पोपटीला मात्र तो अपुरा पडतो. वालाच्या शेंगा मडक्यात भरायच्या, भांबुर्ड्याच्या पाल्याने तोंड बंद करायचे, मडके उपडे ठेवून भोवती जाळ करायचा, तर सरपण फोडायला आणि पाला छाटायला कोयताच हाती येतो.

कायद्यानेही शस्त्र आणि अवजार यांत भेद मानला आहे. शस्त्र नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची हत्यारे शस्त्रांत मोजली आहेत, पण घरकाम आणि शेतीसाठी घडवलेली अवजारे त्यांतून वगळली आहेत. शेताच्या बांधावर कोयता म्हणूनच बिनपरवाना चालतो. विमानाच्या केबिनमध्ये मात्र खिशातला घडीचा चाकूही नेता येत नाही; तो सामानाच्या पेटीतच ठेवावा लागतो.