सांडपाणी स्वच्छ करणारे सूक्ष्मजीव : एकाचे उष्टे, दुसऱ्याचे अन्न

अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर या पट्ट्यातील सांडपाणी शेवटी वालधुनी किंवा उल्हास नदीकडेच जाते. वालधुनी अंबरनाथजवळच्या डोंगरात उगम पावते, १०६० मधील प्राचीन शिवमंदिराजवळून वाहत उल्हासनगरात येते आणि कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. उल्हास नदीतूनच या परिसरातील अनेक शहरांना पिण्याचे पाणी मिळते. त्यामुळे नदीत सोडण्याआधी सांडपाणी किती स्वच्छ होते, हा येथील प्रत्येक घराशी संबंधित प्रश्न आहे. घरगुती मैलापाण्याची केंद्रे असोत किंवा आनंदनगरसारख्या औद्योगिक वसाहतींसाठीची सामायिक केंद्रे, त्यांतील जैविक प्रक्रियेचे मुख्य काम सूक्ष्मजीव करतात. मात्र कोणताही एक सूक्ष्मजीव हे काम एकट्याने पूर्ण करू शकत नाही.

सक्रिय गाळ म्हणजे काय?

इंग्लंडमधील मँचेस्टर येथे एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा सोडून पाहिली. पहिल्या खेपेस पाणी स्वच्छ व्हायला कित्येक आठवडे लागले. त्यांनी वरचे पाणी ओतून टाकले, तळाचा गाळ मात्र ठेवला आणि त्यावरच नवे सांडपाणी घेतले. असे पुन्हा पुन्हा केल्यावर तेच काम २४ तासांच्या आत होऊ लागले. त्यांनी १९१४ मध्ये ही पद्धत मांडली आणि त्या गाळाला ‘सक्रिय गाळ’ हे नाव दिले. हा गाळ म्हणजे विरजणासारखाच प्रकार आहे. आधीच्या खेपेतील सूक्ष्मजीव पुढच्या खेपेचे काम सुरू करून देतात.

गाळात कोण काय करते?

काही जीवाणू चिकट पदार्थ बाहेर टाकतात. त्यामुळे असंख्य जीवाणू एकत्र येऊन त्यांचे पुंजके बनतात. तंतुमय जीवाणू या पुंजक्यांना सांगाड्यासारखा आधार देतात. पुंजके जड असल्याने टाकी शांत झाली की तळाशी बसतात आणि वर नितळ पाणी उरते. तंतुमय जीवाणू प्रमाणाबाहेर वाढले, तर गाळ फुगतो, तो खाली बसत नाही आणि पाण्याबरोबर वाहून जातो.

जे जीवाणू पुंजक्यात न येता सुटे तरंगत राहतात, त्यांना आदिजीव खातात. घंटेच्या आकाराचा व्हॉर्टिसेला देठाने पुंजक्याला चिकटून बसतो आणि पाण्यातील जीवाणू गिळत राहतो. आदिजीव नसतील तर पाणी गढूळ राहते. म्हणूनच गाळाचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनही केंद्राच्या तब्येतीचा अंदाज येतो.

अमोनियाची साखळी

मैलापाण्यातील अमोनिया माशांना घातक असतो आणि पिण्याचे पाणी शुद्ध करताना घातलेले क्लोरीनही तो खर्च करतो. नायट्रोसोमोनाससारखे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच असते. पण नायट्रोस्पायरा किंवा नायट्रोबॅक्टर यांच्यासाठी ते ऊर्जेचे साधन असते आणि ते त्याचे नायट्रेट करतात. अमोनियापासून थेट नायट्रेटपर्यंतचा प्रवास एकट्याने करणारे काही जीवाणूही २०१५ मध्ये आढळले.

नायट्रेटही पाण्यात जास्त असून चालत नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, कारण तान्ह्या बाळांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता त्यामुळे कमी होऊ शकते. साखळीतील पुढचे जीवाणू ऑक्सिजन नसलेल्या टाकीत हेच नायट्रेट वापरतात आणि त्याचा नायट्रोजन वायू हवेत निघून जातो.

हवेविना चालणारी भागीदारी

उरलेला गाळ बंद टाकीत ठेवला की त्यापासून मिथेन वायू मिळतो. येथे काही जीवाणू आम्लांचे विघटन करताना हायड्रोजन सोडतात. हा हायड्रोजन साचला तर त्यांचे स्वतःचेच काम थांबते. मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव तो लगेच वापरून टाकतात, म्हणून दोघेही जगतात. ही जोडी इतकी घट्ट असते की अशाच एका जोडीला शास्त्रज्ञ अनेक वर्षे एकच जीव समजत होते. ते दोन वेगळे जीव आहेत, हे १९६७ मध्ये स्पष्ट झाले. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात मैल्यापासून असा वायू मिळवून वापरल्याची नोंद १८९७ मधील आहे.

साखळी कधी तुटते?

साखळीतील सर्वांत नाजूक दुवा अमोनियावर काम करणाऱ्या जीवाणूंचा असतो. ते फार सावकाश वाढतात. एश्चेरिशिया कोलाय हा जीवाणू अनुकूल स्थितीत सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतो, तर यांना साधारण एक दिवस किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. तीव्र आम्ल, जड धातू किंवा विषारी द्रावक एकदम आले, की हे जीवाणू आधी मरतात आणि त्यांची संख्या पूर्ववत व्हायला अनेक दिवस, कधी आठवडे जातात. हवा सोडणारे ब्लोअर बराच काळ बंद राहिले, तरीही फटका बसतो. म्हणून औद्योगिक केंद्रांत वेगवेगळ्या कारखान्यांचे पाणी आधी एका टाकीत मिसळून त्याची तीव्रता सारखी केली जाते आणि त्याची आम्लता दुरुस्त केली जाते.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. सूक्ष्मजीव जड धातू नष्ट करू शकत नाहीत. धातू बऱ्याच अंशी गाळात साठतात आणि त्या गाळाची वेगळी विल्हेवाट लावावी लागते. काही रसायनांचे विघटन जवळपास होतच नाही, त्यामुळे ती कारखान्यातच वेगळी काढावी लागतात. प्रक्रिया न करता टँकरमधून थेट नाल्यात ओतलेल्या रसायनाला तर ही साखळी भेटतच नाही.

घरच्या सेप्टिक टाकीतही हवेविना चालणारी अशीच साखळी काम करते. अॅसिड, जास्त प्रमाणात फिनाइल, उरलेला रंग किंवा जुनी औषधे शौचालयात ओतल्यास टाकीतील सूक्ष्मजीव मरतात, मैला कुजत नाही आणि टाकी लवकर भरते. पुढे नदीपर्यंत जाणाऱ्या पाण्यातही ती घाण तशीच राहते.