मीठ उत्तरेकडून येत असे

तुकुचे हे गाव नेपाळच्या काली गंडकी खोऱ्यात आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे २,६०० मीटर उंचीवर. एका अंगाला धौलागिरी, दुसऱ्या अंगाला अन्नपूर्णा, दोन्ही आठ हजार मीटरांच्या वर, आणि मधल्या रुंद, गोट्यांनी भरलेल्या पात्राच्या काठी पांढऱ्या दगडी घरांची रांग. जुने वाडे ऐसपैस आहेत. मधे फरसबंद चौक, वर कोरीव लाकडी खिडक्या आणि खाली चौकाभोवती कोठारं. एका कोठारात भिंतीचा गिलावा कमरेइतक्या उंचीपर्यंत फुगून सुटला होता आणि आतला दगड भुसभुशीत झाला होता. माझं बालपण उरणच्या मिठागरांजवळ गेलं, वडील आगरावर कामाला होते. अशा भिंती मी तिथल्या गोदामांत पाहिल्या आहेत. मीठ वर्षानुवर्षं टेकून राहिलं की भिंत अशीच होते.

समुद्र इथून शेकडो मैल दूर, तरी हे गाव मिठावर उभं राहिलं. तिबेटच्या चांगथांग पठारावर खाऱ्या पाण्याची सरोवरं आहेत. त्यांच्या काठावर सुकलेलं मीठ खरवडून पोत्यांत भरायचं आणि याकांच्या, मेंढ्यांच्या पाठीवर लादून दक्षिणेला आणायचं, हा व्यापार कैक पिढ्या चालला. उत्तरेकडून मीठ आणि लोकर यायची. दक्षिणेकडून तांदूळ, मका, जव वर चढायचं. पठारावर धान्य अपुरं पिकतं आणि डोंगराळ नेपाळात मीठ नाही, त्यामुळे दोघांनाही एकमेकांवाचून गत्यंतर नव्हतं. माप होतं पाथीचं: आठ मान्यांची एक पाथी, वीस पाथींची एक मुरी. दर वाटेवर बदलत जायचा. जितकं खाली उतराल तितकं त्याच मिठाला धान्य जास्त.

मग सौदा तुकुचेलाच का व्हायचा? याचं उत्तर हवामानात आहे. याकाला उष्मा सोसत नाही, तो फार खाली उतरवता येत नाही. दक्षिणेच्या भारवाहकाला पठाराची थंडी आणि विरळ हवा सोसत नाही. त्यातून तराईत 'औल', म्हणजे मलेरिया. म्हणून डोंगरातली माणसं सपाटीवर उतरायची ती हिवाळ्यातच, बुटवलच्या बाजारात. पावसाची गोष्टही अशीच. पोखऱ्याजवळच्या लुम्लेला वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तिथून हवाई अंतराने पन्नास-साठ किलोमीटरांवरच्या जोमसोमला जेमतेम तीनशे. महाबळेश्वर आणि दहिवडी डोळ्यांसमोर आणा, पण मधे आठ हजार मीटरांची भिंत ठेवून. तुकुचे नेमकं ओल्या आणि कोरड्या मुलखाच्या शिवेवर आहे. वर सपाट मातीची धाबी आणि मिठाची पोती टिकतात, खाली टिकत नाहीत. दुपार व्हायच्या आत दक्षिणेकडून असा वारा सुटतो की आजही जोमसोमची विमानं सकाळीच उतरून घेतात.

या शिवेवरचे लोक म्हणजे थकाली. भाषा तिबेटी-ब्रह्मी कुळातली, चालीरीतींत बौद्ध आणि हिंदू दोन्ही, व्यवहारात चोख. १८५५-५६ च्या नेपाळ-तिबेट युद्धानंतर राणा राजवटीने या वाटेवरच्या मिठाच्या जकातीचा ठेका द्यायला सुरुवात केली आणि तो तुकुचेच्या मातब्बर घराण्यांकडे गेला. ठेकेदाराला 'सुब्बा' म्हणत. उत्तरेकडून आलेलं मीठ त्यालाच विकावं लागे. हे वैभव सगळ्यांचं नव्हतं, हे स्पष्ट लिहायला हवं. खोऱ्याच्या वरच्या अंगाच्या मुस्तांगच्या लोकांना मिठासह थेट खाली जाता येत नसे आणि भाव सुब्बाच्या मर्जीवर. ते वाडे या मक्त्यातून उभे राहिले. तिबेटात शिरू पाहणारा जपानी भिक्षू कावागुची एकाई इथल्याच एका सुब्बाच्या घरी उतरला होता. १९०० साली तो सीमेपलीकडे गेला.

पाठ्यपुस्तकात नेपाळ 'भूवेष्टित देश' म्हणून एका ओळीत येतो. समुद्र नाही, म्हणून व्यापारात अडचण. भूगोलाची शिक्षिका म्हणून ती ओळ मी कितीदा तरी शिकवली आहे. या खोऱ्याला ती खऱ्या अर्थाने लागू झाली १९६० च्या आगेमागे. १९५९ नंतर तिबेटची सीमा आवळली गेली आणि मुस्तांगात १९७४ पर्यंत चीनविरुद्ध लढणाऱ्या तिबेटी खंपा बंडखोरांचे तळ होते. त्याच काळात दक्षिण उघडत होती. १९५६ मध्ये त्रिभुवन राजपथाने काठमांडू सपाटीशी जोडलं गेलं, डीडीटीच्या फवारणीने तराईतला औल हटला आणि १९६३ मध्ये साल्ट ट्रेडिंग कॉर्पोरेशन स्थापन झालं. गुजरातच्या मिठागरांतलं मीठ रेल्वेने सीमेवर आणि तिथून डोंगरात जाऊ लागलं. शेकडो वर्षं खाली उतरणारं मीठ आता वर चढू लागलं आणि तुकुचेचा सौदा बसला.

हे नुसतं नुकसान होतं असं मी म्हणणार नाही. सरोवराच्या मिठात आयोडीन जवळपास नसतं. डोंगरातल्या वस्त्यांमध्ये गलगंड घरोघरी दिसायचा. १९७३ पासून आयोडीनयुक्त मिठाची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या पिढ्यांचे गळे वाचले. तुकुचेच्या आठवणीने हळहळणाऱ्यांनी हे विसरू नये.

थकाली मात्र बसून राहिले नाहीत. त्यांच्यात 'ढिकुर' नावाची भिशी असते. दरसाल सगळ्यांनी रक्कम घालायची आणि एकेकाने पाळीपाळीने उचलायची. त्या भांडवलावर ते पोखरा, भैरहवा, काठमांडूत धंद्याला लागले. वाटेवर बायकांनी चालवलेल्या भट्ट्या, म्हणजे जेवणाच्या आणि मुक्कामाच्या खानावळी, पुढे हॉटेलं झाल्या. शेजारच्या मार्फात १९६६ मध्ये सरकारी फळबाग केंद्र निघालं आणि जवाच्या वावरांत सफरचंदं आली.

देशाची मान मात्र दक्षिणेच्या वाटेत अडकली. १९८९ च्या मार्चमध्ये भारताशी व्यापार आणि पारगमन करार संपले, तेव्हा पंधरापैकी तेरा नाकी बंद झाली. २०१५ मध्ये भूकंपापाठोपाठ सीमा पुन्हा अडली, तेव्हा इंधन आणि औषधांची वानवा झाली. मिठागराकाठी वाढलेल्या मला मिठाची टंचाई कशी असते हे कधी कळलं नाही. नेपाळी घरांतल्या म्हाताऱ्यांना ती माहीत आहे. मिठासाठी कित्येक दिवसांची पायपीट त्यांच्या घरांनी केली आहे.

२०२३ च्या नोव्हेंबरात मुस्तांगच्या उत्तर टोकाचा कोराला नाका अधिकृतपणे खुला झाला. त्याच खोऱ्यातून आता चिनी माल ट्रकने उतरतो. जुन्या वाटेवर मिठाच्या बदल्यात धान्य वर जायचं, म्हणून तो व्यापार दोन्ही अंगांनी टिकला. कोरालाहून उतरलेले ट्रक परत जाताना काय भरून नेतात, हे मला पुढच्या खेपेला जोमसोमच्या रस्त्यावर उभं राहून पाहायचं आहे.