पिंग, ट्रेसरूट आणि परदेशातून फिरून येणारी पाकिटे

डिसेंबर १९८३. अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीतील नेटवर्क विचित्र वागू लागले, तेव्हा माइक म्यूस यांनी ‘पिंग’ हा छोटा प्रोग्रॅम लिहिला. पाणबुड्या शोधणाऱ्या सोनार यंत्रणेच्या ध्वनीवरून त्याचे नाव पडले. पिंग दूरच्या संगणकाकडे प्रतिध्वनीची विनंती धाडते आणि उत्तर येईपर्यंतचा काळ मिलिसेकंदांत मोजते.

उत्तर आलेच नाही, तर वाट कोठे खुंटली? याचा शोध व्हॅन जेकबसन यांच्या ‘ट्रेसरूट’ने सुकर केला. प्रत्येक पाकिटावर आयुर्मर्यादेचा आकडा असतो. वाटेतील प्रत्येक राउटर तो एकाने घटवतो; शून्य होताच पाकीट टाकून देतो आणि तसे प्रेषकाला कळवतो. ट्रेसरूट हा आकडा १, २, ३ असा वाढवत नेते आणि मार्गातील एकेक टप्पा उजेडात येतो.

भारतात सार्वजनिक इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. पुढे सेवादाते वाढले, परंतु त्यांना परस्परांशी जोडणारे सामायिक केंद्र नव्हते. परिणामी एका भारतीय सेवादात्याकडून दुसऱ्याकडे निघालेली पाकिटे कित्येकदा परदेशातून फिरून येत. वेळ जाई आणि आंतरराष्ट्रीय जोडणीचा खर्चही वाढे. नेमका असाच वळसा ट्रेसरूट दाखवून देते. तो टाळण्यासाठी २००३ मध्ये ‘निक्सी’ ही संस्था स्थापन झाली.

विद्यार्थ्यांनी एक भान मात्र राखावे. मौन म्हणजे बिघाडच असे नाही. फायरवॉल अशा विनंत्या अनेकदा मुद्दामच अडवते.