वाकाटक कालक्रम

वाकाटक कालक्रम म्हणजे इ.स.च्या सुमारे तिसऱ्या ते पाचव्या शतकांत विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटक घराण्यातील राजांचा कालनिर्णय होय. वाकाटकांच्या ताम्रपटांत संवताऐवजी राजाचे राज्यवर्ष दिलेले असते. त्यामुळे एका पिढीस किती वर्षे धरावीत, हा या कालनिर्णयातील वादाचा मुद्दा आहे.

साधने

अमरावती जिल्ह्यातील चम्मक व रिद्धपूर येथील ताम्रपट द्वितीय प्रवरसेनाच्या अनुक्रमे १८व्या व १९व्या राज्यवर्षातील आहेत. वाशीम (१९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात) येथील द्वितीय विंध्यशक्तीचा ताम्रपट ३७व्या राज्यवर्षाचा असून तो १९३९ मध्ये उजेडात आला. मुख्य शाखेतील प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट द्वितीय चंद्रगुप्ताची कन्या असल्याने त्या शाखेचा काळ गुप्तांच्या काळाशी जोडता येतो. वत्सगुल्म (वाशीम) शाखेस असा आधार नाही.

पिढ्यांचे मान

वत्सगुल्म शाखेत सर्वसेनापासून हरिषेणापर्यंत पित्यामागून पुत्र असे सहा राजे झाले. वा. वि. मिराशी यांनी या शाखेचा काळ सुमारे इ.स. ३३० ते ५०० असा मानला. त्यानुसार प्रत्येक राजास सरासरी २८ वर्षे येतात. वॉल्टर स्पिंक यांनी हरिषेणाचा अंत सुमारे ४७७ मध्ये ठरवला. आरंभ ३३० हाच धरल्यास त्यांच्या मताने ही सरासरी सुमारे २४ वर्षे होते. अशी सरासरी एकेका राजास लागू पडत नाही. अजिंठ्याच्या १६व्या लेण्यातील लेखानुसार या शाखेतील एक राजा आठव्या वर्षीच गादीवर आला. बालराजाची कारकीर्द दीर्घ होण्याचा संभव अधिक असतो.

हिस्से-बोराळा शिलालेख

वाशीमजवळील हिस्से-बोराळा येथील देवसेनाच्या काळातील शिलालेखात शक ३८० (इ.स. ४५७-५८) असा उल्लेख आहे. मिराशींनी देवसेनास सुमारे ४५० ते ४७५ हा काळ दिला होता, तर स्पिंक हरिषेणाचे राज्यारोहण सुमारे ४६० मध्ये मानतात. त्यामुळे हा लेख दोन्ही मतांशी जुळतो. देवसेनानंतरचा काळ मात्र त्यावरून ठरत नाही.

महत्त्व

हरिषेणाची कारकीर्द कोणत्या वर्षी संपली, यावर अजिंठ्याच्या उत्तरकालीन लेण्यांचा काळ अवलंबून आहे. स्पिंक यांच्या मते ती लेणी अवघ्या दोन दशकांत खोदली गेली. इतर अभ्यासक त्यांना अधिक दीर्घ काळ देतात.